घे, धर, सोड

मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात, भाड्याच्या घरात विनीता मेश्राम कपाटात बसून काम करायची. भिंतीतलं, सरकत्या दारांचं कपाट. वर जाड कोट टांगलेले, म्हणून आवाज घुमत नसे. खाली एक उशी, समोर बुटांच्या खोक्यांवर लॅपटॉप, डोक्याला हेडफोन, तोंडापाशी माइक. उजवा गुडघा नीट वाकत नसे, म्हणून तो पाय दाराबाहेर. स्पर्धा फिनलंडमध्ये असे नाहीतर जपानमध्ये. समालोचक कोटांखाली. कोविडमुळे कोणी कुठे जात नव्हतं.

"नोकरी असावी तर तुझ्यासारखी, विनूताई," स्पृहा म्हणायची. स्पृहा शेजारच्या खोलीत राहायची. पंचविशीची. गोदामात पार्सलं भरायची. "गप्प बसायची नोकरी. मी शिफ्टला दोन मिनिटं गप्प बसले तर सुपरवायझर येऊन विचारतो, यू ओके, मेट?"

"तू चार मिनिटं बसून दाखव. तुला चहा करून देते."

"चहा नको. बोलू दे."

विनीताचं थोडंफार नाव झालं होतं ते या गप्प बसण्यामुळेच. फिगर स्केटिंगचे समालोचक बहुधा बोलत सुटतात. मुलगी हवेत असते आणि हे उडीचं नाव सांगत असतात. विनीता मुलीचं नाव सांगे, देश सांगे, आणि मुलीने पहिला हात उचलला की थांबे. मुलगी बर्फावर असेपर्यंत एक शब्द नाही. मग रिप्लेवर दोन-तीन वाक्यं. उडी पात्याच्या कुठल्या कडेवरून घेतली. खांदा कधी सुटला. मुलगी कुठे घाबरली. प्रेक्षक लिहायचे, या बाईला पडणं माहीत आहे.

ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती नागपूरची. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढली. वडील पद्माकर मेश्राम फॅक्टरीत फिटर. आई लवकर गेली. विनीता आणि धाकटा अजित, दोघांचं वेण्या-डबे-शाळा सगळं बाबांनीच सांभाळलं. वसाहतीच्या बास्केटबॉल कोर्टवर ती चाकांच्या स्केट्सवर शिकली. कोच नव्हता. बाबांनी आयुष्यात कधी स्केट्स पायात घातले नाहीत. पण यंत्राजवळ उभं राहून, नुसतं ऐकून बिघाड सांगणारा तो माणूस. पोरीला दोन महिने पडताना पाहिलं आणि एका संध्याकाळी म्हणाले, "तू उडीच्या आधी दमच घेत नाहीस. म्हणून पडून राहिली."

मग त्यांनी तिला तीन शब्द दिले. घे, धर, सोड. दम घे आणि वाक. धर आणि हवेत फिर. सोड आणि उतर. कोर्टच्या कडेला उभे राहून ते ओरडायचे. घे! धर! सोड! वसाहतीतली पोरं नक्कल करायची. मेश्रामकाका बैल हाकून राहिले, म्हणायची.

विशाखापट्टणमच्या राष्ट्रीय स्पर्धेतही ते ओरडले. पंचांनी खेळ थांबवून ताकीद दिली. विनीता तेव्हा चौदा वर्षांची होती. परतीच्या गाडीत ती बल्लारशाहपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही गप्प बसा. लोक हसतात."

"हसू दे ना बापा. तू पडशील त्याचं काय?"

"पडले तर पडले. तुम्ही बोलू नका."

पुढच्या वर्षी बाबांनी रुमालाची घडी करून दातांत धरली. शेवटपर्यंत सोडली नाही. विनीताला सुवर्णपदक मिळालं. ती धावत कठड्याकडे आली तेव्हा त्यांनी रुमाल काढून दाखवला. त्याला भोकं पडली होती.

"पाहिलं? मी नाही बोललो तर जास्त चांगलं करते," ते म्हणाले. "चला, मी रिटायर झालो."

पदक घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागलं. त्यानंतर ते कठड्याशी कधी बोलले नाहीत.

एकविसाव्या वर्षी विनीता मेलबर्नला आली. हॉस्पिटॅलिटीचा कोर्स. संध्याकाळी एका आइस रिंकवर भाड्याचे बूट देण्याचं काम. लोकांनी परत केलेले ओले बूट पुसायचे, आत फवारा मारायचा, नंबराप्रमाणे लावायचे. काउंटरच्या मागे काच आणि काचेमागे बर्फ. तीन आठवडे ती नुसती बघत राहिली. मग मॅनेजरने रिंक उघडण्याआधीचा एक तास तिला दिला.

पहिल्या सकाळी ती अकरा वेळा पडली. पायाला चार चाकांची सवय, आणि इथे एकच पातं. तिने बाबांना फोन केला.

"जय भीम, बाबा. आज बर्फावर गेले होते."

"बर्फावर? मग पाय ओले नाही झाले?"

"सगळीच ओली झाले."

"दम घेत होती का?"

ती दम घ्यायला विसरली होती. दुसऱ्या दिवसापासून ओठातल्या ओठात मोजायला लागली. पुढे पर्मनंट रेसिडन्सी झाली, नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली. सकाळचा तास सोडला नाही. सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत मोठ्यांच्या गटात ती पहिली आली. ज्यांची ऑलिंपिकची वयं निघून गेली, त्यांचा हा गट. पण सोनं ते सोनं. पुढची दोन वर्षंही तेच. चौथ्या वर्षी स्पर्धेआधीच्या सरावात उजवा गुडघा फिरला, आणि ते संपलं.

समालोचन अपघाताने आलं. राज्यस्पर्धेच्या दिवशी क्लबच्या समालोचकाचा घसा बसला. विनीता कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसलेली. तिच्या हातात माइक दिला. मुलीचं नाव सांगून झालं, आणि पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. म्हणून ती गप्प बसली. लोकांना ते आवडलं.

मग २०२० आलं. रिंक बंद. तिची मुलांना शिकवायची तीन सत्रं बंद. मेलबर्नमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. वर्षभर तिने स्पृहाबरोबर गोदामात खोकी चिकटवली. तेहतिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, उभं राहून. २०२१च्या सुरुवातीला सिडनीच्या एका लहान प्रक्षेपण कंपनीतून फोन आला. तीन स्पर्धा घरूनच करायच्या. जमलं तर कायम. निर्मात्याचं नाव ग्लेन. हेडफोनमध्ये त्याचा आवाज असे. तिला तो व्हिन म्हणायचा.

"व्हिन, आय लव्ह द सायलेन्स," तो म्हणाला. "तेवढं सांभाळ. बाकी नो वरीज."

नागपूरला बाबा फोनवर सगळं बघायचे. कंपनीकडे गाण्यांचे हक्क नव्हते. त्यामुळे भारतात फुकट दिसणाऱ्या प्रक्षेपणात कार्यक्रम चालू असताना संगीत बंद व्हायचं. उरायचा तो फक्त समालोचकाचा आवाज. विनीता गप्प बसली की तिथे काहीच ऐकू यायचं नाही.

"अगं, दर पाच मिनिटांनी नेट जाते," बाबांनी पहिल्याच स्पर्धेनंतर तक्रार केली. "मी सहा वेळा फोन बंद करून चालू केला."

"नेट जात नाही, बाबा. मी गप्प बसते."

"काहून?"

"तेच माझं काम आहे."

"समालोचकाचं?" बाबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तुला तर रुमाल पण लागत नाही."

तरी त्यांनी सवय सोडली नाही. आवाज थांबला की त्यांचा हात बटणावर. चाळीस वर्षं यंत्रांत गेलेली. आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं.

एप्रिलच्या मध्यावर अजितचा फोन आला. बाबांना ताप. मग दोन दिवसांनी, बाबांना खोकला. मग एका दुपारी, ताई, बेड मिळाला, देव पावला. त्यांच्या घरात देव नाही हे तो त्या दिवशी विसरला होता.

ऑस्ट्रेलियातून बाहेर जायला सरकारची परवानगी लागत होती. अर्जाला डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं. नागपुरात त्या आठवड्यात कुठल्या डॉक्टरला पत्र लिहायला वेळ होता? अजित तीन दिवस वॉर्डाच्या दाराशी कागद धरून उभा राहिला. चौथ्या दिवशी एका डॉक्टरने भिंतीवर कागद टेकवून चार ओळी लिहिल्या. विनीताने त्या रात्रीच पाठवल्या. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, भारताची विमानं बंद झाल्याची बातमी आली.

ती बातमी तिने स्वयंपाकघरात उभ्याने वाचली. स्पृहा समोर पोळ्या लाटत होती.

"आता?" स्पृहाने विचारलं.

"आता काही नाही."

स्पृहाने लाटणं खाली ठेवलं. विनीताने उचललं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या.

फोन करता येत होता, पण करायचा नव्हता. वॉर्डातल्या रेखा सिस्टरांनी अजितला बजावून ठेवलं होतं, त्यांना बोलू देऊ नका. कोणाचाही आवाज ऐकला की बाबा उत्तर द्यायला जायचे. मास्क ओढायचे, आणि ऑक्सिजन धाडकन खाली यायचा. विनीताने बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. अजितने ते कानाशी लावलं. बाबांनी मान हलवली आणि दोन दमांत म्हणाले, "हे कालचं आहे."

मग त्यांनीच मार्ग काढला. अजितच्या तळहातावर बोटाने लिहिलं. स्केटिंग.

जपानमधली स्पर्धा त्याच आठवड्यात होती. गुरुवार आणि शनिवार. विनीताची तिसरी, कसोटीची शेवटची. मेलबर्नची संध्याकाळ म्हणजे नागपूरची दुपार. समालोचनाला उत्तर द्यावं लागत नाही. ऐकायचं फक्त. रेखा सिस्टर म्हणाल्या, ठेवा फोन उशाशी, पण मी पाहिलं नाही.

ग्लेनला सांगावं का? विनीताने दोन दिवस तोच विचार केला. ग्लेन चांगला माणूस होता. तो म्हणाला असता, ओह, व्हिन, सॉरी, तू घरी राहा, हवा तेवढा वेळ घे. आणि माइक दुसऱ्या कोणाकडे गेला असता. तिला वेळ नको होता. माइक हवा होता. तिने सांगितलं नाही.

गुरुवारी पहिली मुलगी बर्फावर आली. विनीता सवयीने गप्प बसली. एक मिनिट झालं नसेल, मांडीवरचा फोन उजळला.

"ताई तू बोलून नाही राहिली. बाबा हात हलवून राहिले. पोटावर झोपवलं आहे त्यांना, स्क्रीन दिसत नाही. नेट गेलं म्हणते. उठून राहिले."

विनीता बोलायला लागली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. मुलीचा ड्रेस निळा आहे. ती डावीकडे वळते आहे. आता ती मागे बघते आहे, म्हणजे उडी येणार. आणि मग तोंडातून आपोआप आलं. घे. धर. सोड.

फोन उजळला. "झोपले परत. बोट वर केलं."

ती पुढचे दोन तास बोलत राहिली. शेवटच्या मुलीच्या वेळी अजितने लिहिलं, "ऑक्सिजन ९१. सकाळी ८६ होता. सिस्टर म्हणते दम नीट घेऊन राहिले. तू ते घे धर काय म्हणते, त्याच्यावर घेऊन राहिले ताई!!"

विनीता कपाटातून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर कोटाच्या बटणाचा वळ उठला होता. स्पृहा दारातच बसली होती.

"एक्क्याण्णव," विनीता म्हणाली.

"एक्क्याण्णव!" स्पृहा ओरडली, आणि दोघी तशाच जमिनीवर बसून हसायला लागल्या. खूप दिवसांनी. स्पृहा म्हणाली, "तू तर डॉक्टरच निघालीस. फी लाव."

त्यानंतर ग्लेनचा फोन आला. तो चिडला नव्हता.

"व्हिन, काय होतं ते? लोक लिहितायत, ती थांबतच नाही. आणि ते गे-दर-सोर, ते काय?"

"माझ्या जुन्या कोचची मोजणी."

"छान आहे. पण कमी. लेट देम स्केट, ओके?"

"ओके."

शुक्रवारी बाबांचा ऑक्सिजन पुन्हा उतरला. प्रक्षेपण नव्हतं. शुक्रवारी दिवसभर विनीता घरात फिरत राहिली. नळकांड्यासारखा लांब पॅसेज होता, त्यात वर-खाली. स्पृहाने दोनदा जेवायला हाक मारली. एकदा ती जेवली.

शनिवारी चार वाजताच ती कपाटात जाऊन बसली. अजितचा निरोप आला. फोन लावला आहे, ८४ आहे, तू सुरू कर. तिने सुरू केलं. मुलगी बर्फावर असली तरी बोलायचं, पण ग्लेनला खटकणार नाही असं. हळू. तुटक. मधेच मराठीतले तीन शब्द. ग्लेन हेडफोनमध्ये घसा खाकरायचा. ती थोडी थांबायची. पुन्हा सुरू.

८६. ८८. अजित प्रत्येक मुलीनंतर आकडा पाठवत होता. पंचांच्या गुणांशेजारी ती तो मनात लिहून घेत होती.

शेवटच्या दोन मुली उरल्या तेव्हा त्याचा निरोप आला. "सदरला एकाकडे इंजेक्शन आहे म्हणते. मी गाडीवर निघतो. बाबांचा फोन बाबांपाशी चालू आहे. तू बोलत राहा."

शेवटून दुसरी मुलगी संपली. रिप्ले झाला. आणि ग्लेन बोलला.

"व्हिन, शेवटची मुलगी. त्यांच्या घरची, त्यांच्या बर्फावर. सगळा देश बघतोय. मला एक शब्द नकोय. प्रॉमिस."

"ग्लेन..."

"टेसा, दुसरी समालोचक, स्टँडबायला आहे. सिरियसली. तू तोंड उघडलंस तर मी लाइन तिकडे वळवतो, आणि बक्षीस समारंभ तीच करेल. मला तसं करायचं नाही. प्लीज, मेट."

चार मिनिटं. पुढे अर्ध्या तासाचा समारंभ. चार मिनिटं बोलली तर अर्धा तास जाणार. तिने हिशेब केला. कोणीही तोच केला असता. बर्फावर मुलगी मधोमध येऊन उभी राहत होती. विनीताने अजितला लिहिलं. "आता ४ मिनिटं मी गप्प. ग्लेनने सांगितलं. बाबांना सांग नेट गेलं नाही. लगेच सांग."

दोन करड्या खुणा उमटल्या. पोचला, पण वाचला नाही.

मुलीने हात उचलला.

पहिली उडी. विनीताचे ओठ हलले. आवाज नाही. खुणा करड्या. अजित गाडीवर असणार. फोन खिशात. सदरपासून हॉस्पिटलला परत यायला वीस मिनिटं. तिला हे लिहिताना कळायला हवं होतं. कळलं होतं.

दुसरी उडी. मुलगी इतकी हलकी उतरली की पात्याचा आवाजसुद्धा आला नाही. विनीताने माइककडे पाहिलं. घे, धर, सोड. तीन शब्द. बाबा, नेट गेलं नाही. चार शब्द. चार शब्दांना किती वेळ लागतो? ग्लेन लाइन वळवेल. बाबांच्या कानात एका अनोळखी बाईचं इंग्रजी सुरू होईल, आणि त्यांची बोटं बटणाकडे जातील. नाही बोलली तर? तरी जातील. पण चार मिनिटंच. अडीच झाली. आता दीड उरलं.

खुणा करड्या.

तिने कोटाची बाही ओढून दातांत धरली.

मुलगी शेवटच्या गिरकीत शिरली. फिरता फिरता तिचा चेहरा पुसला गेला. मग ती थांबली. प्रेक्षागृह अर्धं रिकामं होतं, मास्क लावलेलं, ओरडायला बंदी. सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. विनीताने बाही सोडली आणि बोलायला लागली.

ती आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. पूर्ण अर्धा तास. सोप्या इंग्रजीत, सावकाश, बाबांना कळेल असं. या मुलीची दुसरी उडी पुन्हा बघा, म्हणाली. ती आधी दम घेते. हे मला एका माणसाने शिकवलं. त्याने कधी स्केट्स घातले नव्हते. तो फॅक्टरीत यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने माझ्या पहिल्या स्केट्सच्या चाकांचे वायसर घरी घासून बसवले. स्पर्धेत तो माझ्यासाठी तोंडात रुमाल धरून उभा राहिला. ग्लेनने लाइन वळवली नाही. राष्ट्रगीत झालं. पदकं झाली. शेवटी तिने मराठीत म्हटलं, झोपा आता, बाबा.

माइकवरचा लाल दिवा विझला. समारंभभर मांडीवर पालथा ठेवलेला फोन तिने उलटा केला. अजितचे सात मिस्ड कॉल होते.

त्याला नीट सांगता येत नव्हतं. "ताई, मी इंजेक्शन घेऊन आलो गं. मिळालं होतं. मी घेऊन आलो." मग कोणीतरी त्याला पाणी दिलं असावं. मग तो म्हणाला, "सिस्टर तिकडच्या बेडवर होती. बाबा उठून बसले होते म्हणते. एकटेच. मास्क गळ्यात. फोन हातात. काय करून राहिले होते कोणास ठाऊक. फोन बंद करून चालू केला होता त्यांनी. मी आलो तेव्हा तो पिन मागत होता."

विनीताने माइकची वायर काढली आणि हाताभोवती गुंडाळली.

"ताई? आहेस ना?"

"आहे."

"शेवटपर्यंत तुझंच ऐकत होते ताई. तेवढं समाधान."

"हो," विनीता म्हणाली.

तिने लिहिलेला निरोप अजितने दुसऱ्या दिवशी वाचला असावा. खुणा निळ्या झाल्या. त्याने त्यावर कधी काही विचारलं नाही. गर्दीत, धावपळीत, त्याला दोन गोष्टी जोडता आल्या नसतील. किंवा आल्या असतील. तीही कधी बोलली नाही. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला. अजितने लांबून व्हिडिओ कॉल लावला. बुद्धवंदना चालू असताना तिथलं नेट खरंच गेलं. स्पृहा फोन घेऊन अंगणात पळाली, रेंज मिळेल म्हणून, आणि फोन वर धरून तशीच उभी राहिली. रेंज घरात होती. गेली होती ती नागपूरची.

सोमवारी ग्लेनचा मेल आला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ती चार मिनिटं. त्यासाठीच आम्ही तुला घेतलं होतं. वर्षाचा करार जोडत आहे. ता. क., तेवढा तुकडा जाहिरातीत वापरू का?

स्पृहाने तो तिच्या खांद्यावरून वाचला. "देऊ नकोस," ती म्हणाली. "विनूताई, प्लीज. त्याला सांग तरी."

विनीताने दोन शब्द टाइप केले. नो वरीज. आणि पाठवले. करारावर सही केली नाही. ग्लेनने तीनदा विचारलं, मग थांबला. तुकडा अजून दिसतो. तीस सेकंदांचा. मुलगी फिरते आणि मागे काहीच नाही.

आता विनीता समालोचन करत नाही. गोदामात परत गेली होती, ते रिंक उघडेपर्यंत. रिंक उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. आठवड्यातून चार सकाळी ती लहान मुलांना शिकवते. कठड्याशी उभी राहते आणि सबंध तास बोलते. मूल उडीला जात असो की बाटलीतलं पाणी पीत असो. घे, धर, सोड. मुलं घरी जाऊन आईबापांना विचारतात, व्हॉट्स सोर? इतर कोच आधी बघायचे. आता बघत नाहीत. मॅनेजरने एकदा हळूच सुचवलं, मुलांना कधीकधी शांतपणे स्केट करू द्यावं. ती हो म्हणाली. पुढचं मूल निघालं तशी पुन्हा सुरू झाली.

घरीही तसंच. ती भाजी चिरताना बोलते. कपडे वाळत घालताना बोलते. स्पृहाची खोली बंद असली तर भिंतीपलीकडून बोलते. अजितचा फोन आला, आणि तो श्वास घ्यायला थांबला, की ही लगेच विचारते, "ऐकू येतंय ना? अजित? मी आहे. नेट गेलेलं नाही."